परड्यातून बागेला दिलेली नऊ फुटी वाट

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

आज सोमवार, दिनांक १९ मे २००८. मी श्रीमती अंबूबाई गणपती अतिग्रे, वय वर्षे बहात्तर, शिक्षण मॅट्रिक (१९५३, पहिल्याच खेपेस), धंदा घरकाम, राहणार नदीकडील गल्ली, शुक्रवार पेठ, कोल्हापूर, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आहेत, अक्षर स्वच्छ दिसते. डोके ठिकाणावर आहे. परवाच गिरणीवाल्याने दळणाचे वजन चुकवले ते मी जागेवर धरले, त्याला विचारावे. मला हे लिहायला कोणी बसवलेले नाही, कोणाची भीती नाही आणि कोणाचे मन राखायचे म्हणूनही लिहीत नाही.

यापूर्वी दहा जानेवारीला मी एक मृत्युपत्र लिहिले होते. ते रद्द समजावे. का रद्द केले ते कलम चारमध्ये येईल. हे पत्र त्याच्याच पाठकोऱ्या बाजूला लिहिणार होते, पण वकील म्हणाले तसे चालत नाही, म्हणून नवे कागद आणावे लागले.

माझे यजमान कै. गणपती दादू अतिग्रे उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. दिनांक २२ जून १९९६ रोजी लेथवर उभे असतानाच गेले. आम्हाला दोन मुले. मुलगा उदयसिंह पुण्याला नोकरीस आहे. मुलगी संयोगिता गडहिंग्लजला दिली आहे. दोघांनी १९९८ साली हक्कसोडपत्र करून सर्व मिळकत माझ्या एकटीच्या नावावर केली. आजवर त्यावरून कोणी मला एक शब्द बोललेले नाही, हे येथे नोंदवून ठेवते.

कलम १. राहते घर, म्हणजे सोपा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी व माळा. हे उदयसिंह व संयोगिता यांना निम्मे निम्मे. विकायचे झाल्यास दोघांच्या सहीने विकावे. देवघरातले टाक संयोगिताने न्यावेत, कारण पुण्यात देव्हारा टीव्हीवर ठेवलेला मी पाहिला आहे. न्हाणीतला तांब्याचा बंब घराबरोबर जात नाही, त्याचे पुढे लिहिले आहे.

कलम २. पोस्टातील बचत व बँकेतील ठेव यांचे आकडे हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत आहेत. त्यातून माझे दिवसपाणी करावे व उरेल ते दोघांनी समान घ्यावे. तेराव्याला गोडाचे एकच करावे, लापशी. जिलेबी करू नये. यजमानांच्या तेराव्याची जिलेबी लोकांनी चांगली झाली म्हणून दोनदा मागून घेतली, ते मला अजून बरे वाटत नाही.

कलम ३. सोने थोडे आहे. पुतळ्यांची माळ उदयसिंहाची मुलगी साक्षी हिला व पाटल्या संयोगिताची मुलगी प्रीती हिला. कुड्या माझ्या कानातच राहू द्याव्यात असे पूर्वी वाटे, आता तसे वाटत नाही. त्या मोडून देवीला जे होईल ते करावे.

कलम ४. परडे. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने बसून वाचावे.

आमच्या घरामागे साडेचार गुंठ्यांचे परडे आहे. परड्यामागे पालिकेची तीन एकर पड जागा, आणि तिच्यामागे पंचगंगा. या तीन एकरांवर सार्वजनिक बाग करायची असे कागदावर कधीच ठरलेले आहे. माझी संयोगिता तेव्हा शाळेत जाऊ लागली होती, आज तिची मुलगी कॉलेजात आहे. पण त्या जागेच्या एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला कोर्टात अडकलेली वीटभट्टीची जमीन आणि समोर नदी. गाडी न्यायची तर आमच्या परड्यातूनच. नकाशात बाग छान हिरवी रंगवलेली, आणि तिच्याकडे जाणारा रस्ता मात्र आमच्या कुंपणापाशी येऊन थांबलेला.

माणसांना ती अडचण नव्हती. सासूबाईंच्या काळापासून गल्लीतल्या बायका आमच्या परड्यातून पायी नदीला उतरत आल्या. धुणे, दिवाळीआधी वाकळा धुणे, आणि आषाढात नदीला नवे पाणी आले की त्र्यंबोली देवीला न्यायच्या घागरी भरणे, सगळे याच वाटेने. परड्याचे मागचे दार त्यासाठी पहाटे उघडायचे हे सुनेचे काम. ते मी त्रेपन्न वर्षे केले.

दिनांक १८ फेब्रुवारी १९९६, रविवारी, आमच्या सोप्यात बैठक झाली. बागेचा त्या वेळचा नकाशा घेऊन माणसे आली होती. गल्लीतले, वर्कशॉपातले मिळून चौदा पुरुष. मी पडद्यामागे स्टोव्हपाशी. नकाशात नदीच्या बाजूने पुरुषभर उंचीची भिंत दाखवली होती आणि गाड्यांसाठी आमच्या परड्यातून नऊ फूट मागितले होते. बोलणे वाढले. यजमानांचा आवाज फारसा कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. त्यांनी आतून बेल आणि भंडारा मागितला. देव्हाऱ्यातला बेल आणि भंडाऱ्याची वाटी मी माझ्या हाताने पडद्याबाहेर दिली. त्यांनी तो उचलला आणि म्हणाले, "ह्या बेलभंडाराची आण. माझ्या परड्यातनं ह्या बागेची गाडी जाणार न्हाय."

हे मी माझ्या कानांनी ऐकले. तेवढ्यात दूध उतू गेले. मी आत धावले, स्टोव्ह विझवला, ओटा पुसला, उरलेल्या दुधात चौदा कप बसवायचे म्हणून पाणी वाढवले, गाळले, भरले. तबक घेऊन पडद्याशी आले तेव्हा सगळ्यांचे बोलणे संपले होते. चहा पिऊन उठून गेले.

आमच्या घरात अशी रीत आहे की एकदा बेलभंडारा उचलला की त्या शपथेचा घरात पुन्हा उच्चार करायचा नाही. उच्चार केला तर ती पातळ होते, असे सासूबाई सांगत. म्हणून यजमानांनी मला काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही. चार महिन्यांनी ते गेले.

दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. सगळ्यांनी एकेक करून सांगून पाहिले. उदयसिंह म्हणाला, आईला सांभाळीन. संयोगिता म्हणाली, महिन्याला येऊन जाईन. वर्कशॉपचे लोक म्हणाले, हिशेब वेळेत पोचवू. कावळे वडावर बसून बघत होते. दुपार झाली. मग आमचे शेजारी बाळासो पुढे झाले. यांच्या सहा म्हशी त्याच पड जागेत चरतात. ते पिंडाला हात जोडून म्हणाले, "गणपतराव, बिनघोर जावा. परड्यातनं बागेची गाडी जात नसती. वैनी जाऊ देत नसत्यात." आणि कावळा शिवला.

मी देवधर्म करणारी बाई आहे. मी तिथेच मनाशी बांधून घेतले. गेलेल्या माणसाची शपथ आपण मोडली तर त्याला गती नाही. परड्याच्या कुंपणाला काटेरी तार वाढवली, मागचे दार फक्त पायी जाणाऱ्यांना ठेवले, बागेचे सामान डोक्यावरूनही तिथून जाऊ दिले नाही.

त्यानंतरची बारा वर्षे त्या बागेचे काय काय झाले ते मी मागच्या दारातून पाहिले आहे, म्हणून लिहिते. एक वर्ष चाळीस रोपे माणसांनी डोक्यावरून नाल्यातून नेली. त्यांतली तीस म्हशींनी खाल्ली. एक वर्ष सिमेंटची तीन बाकडी पलीकडच्या काठावरून नावेतून आणली. दोन पोचली, एक अजून नदीच्या तळाशी आहे. बोअर मारायची गाडी आमच्या कुंपणापर्यंत आली, ड्रायव्हरने उतरून तारेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि गाडी मागे घेतली. पाणी नाही म्हणून झाड नाही, झाड नाही म्हणून सावली नाही, सावली नाही म्हणून माणूस नाही. आणि माणूस नाही तिथे बाटल्या आणि कचरा. दोन हजार पाचच्या पुरात पाणी आमच्या न्हाणीपर्यंत आले. ओसरले तेव्हा जी दहा रोपे जगली होती तीही गेली आणि कमरेएवढा गाळ राहिला. गाळ उपसायला ट्रॉली लागते. ट्रॉलीला वाट लागते. गाळावर वेडी बाभळ उगवली.

गल्ली मला तोंडावर फार बोलली नाही, पण पोरांनी कुंपणाच्या खांबावर खडूने "बागेत जाण्यासाठी विमान वापरा" असे लिहिले होते. समोरच्या विठाबाई घाटगे धुण्याची बादली घेऊन जाताना रोज म्हणायच्या, "वैनी, मी बागंत जातो, तुमाला काय आणू? गुलाब का मोगरा?" मी म्हणायची, "वेडी बाभळ आण, बंबाला होईल." 

उदयसिंह म्हणे, "आई, शपथ बाबांची होती, तुझी नव्हे. तू कशाला पाळतेस?" मी म्हणे, "मंगळसूत्रही त्यांचंच होतं, गळ्यात मी घातलं होतं ना?" 

मी माहेरी नेसरीला जाऊन देवीला तीनदा कौल लावला. देवीच्या अंगावर दोन्हीकडे फुले चिकटवतात. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. मी विचारले, मालकांची शपथ मोडू का? तिन्ही वेळा एकही फूल पडले नाही. पुजारी म्हणाला, "देवी बोलंना झालीया. परश्न बदला." मी प्रश्न बदलला नाही. माझ्याजवळ दुसरा प्रश्न नव्हता.

बाग खात्यात प्रसेनजीत कांबळे नावाचे ओव्हरसीअर २००३ साली आले. तरुण आहेत, बोलायला मऊ. वर्षातून दोनदा येत, सोप्यात बसत, वाट मागत. मी चहा देई आणि नाही म्हणे. एकदा म्हणाले, "आजी, चहा दर खेपेला देता, वाट कधी देणार?" मी म्हटले, "चहाची शपथ घेतलेली नाही."

असे चालले होते. जानेवारीत छातीत कळ आली म्हणून मी मृत्युपत्र लिहायला घेतले. त्यात कलम चार असे होते: परड्यातून बागेस गाडीवाट देऊ नये, जो देईल त्याचा वाटा रद्द. म्हणजे मी मेल्यावरही माझी मुले बांधली जाणार होती, आणि त्यांच्यामागे त्यांची. 

साक्षीदार यजमानांच्या मित्रांपैकी हवा म्हणून मी आकाराम पाटील यांना निरोप धाडला. हे वर्कशॉपात यजमानांच्या शेजारच्या लेथवर होते. पेन्शनीत निघाल्यावर शाहूवाडीकडे गावी भात करतात, म्हणून वर्षानुवर्षे भेट नाही. ते फेब्रुवारीत एस.टी.ने आले, तांदळाचे गठुडे घेऊन. जेवण झाल्यावर चष्मा पुसून वाचायला बसले. तीन कलमे वाचली. चौथ्यावर थांबले.

"वैनी, हे काय लिवलंय?"

"मालकांची शपथ. तुम्ही होता की त्या दिवशी."

"व्हतो म्हणूनच इचारतोय. निम्मीच लिवलीया."

"निम्मी म्हणजे?"

"म्होरलं कुठं हाय? कुंपण काढतो म्हणालावता त्यो."

मी म्हटले, मला नीट सगळे सांगा. आकाराम भाऊजींनी पेनाला टोपण लावले, उठून उभे राहिले, यजमान उभे होते त्याच जागी, आणि तळहात पुढे धरून एका दमात म्हणाले, "'माझ्या परड्यातनं ह्या बागेची गाडी जाणार न्हाय. जवर ह्या नकाशात आमच्या बायकांना नदीला उतरायची वाट न्हाय, तवर जाणार न्हाय. तुम्ही भिंत घालून त्यांचं पाणी तोडायला निघालाय. ज्या दिवशी नकाशात त्यांची वाट दावशीला, त्या दिवशी ही तार मी सोताच्या हातानं काढतो.' आसं म्हणून त्यानं बेल खाली ठेवला. तुम्ही कुठं व्हता?"

"दूध उतू गेलं होतं," मी म्हटले.

भाऊजी खाली बसले. म्हणाले, "बारा वरसं, वैनी?"

"बारा वर्षं."

"आन मला कुणी इचारलं न्हाय."

"विचारायचं काय? मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि कावळा शिवला तो?"

"वैनी, दुपारचा एक वाजला व्हता. कावळ्याला बी भूक लागतीया."

हे मला पटलेले नाही. पण हसू आले, आणि हसता हसता मला इतके रडू आले की भाऊजी उठून अंगणात जाऊन उभे राहिले. सही न करता संध्याकाळच्या एस.टी.ने गेले. जाताना म्हणाले, "ह्या कागदावर मी सही करत न्हाय. दुसरा लिवा, मग बोलवा. तांदूळ तेवढा नवा हाय, पाणी बेतानं घाला."

एकाच्या सांगण्यावर जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी मी बाळासोंच्या गोठ्यात गेले. त्यांनी मान वर केली नाही.

"व्हय की. वाट दावा, तार काढतो, आसंच म्हणाला गणपतराव. समद्यांनी ऐकलंय."

"मग मला इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"आता तुमच्या मालकाची शपथ तुमास्नी मी सांगायची व्हय? मला वाटलं तुमास्नी ठाव हाय. पर आडून बसलाय."

"आणि कावळ्यापुढं निम्मंच का बोललास?"

"वैनी, ऊन किती व्हतं. लांबलचक कोण बोलतंय?"

 पड जागेत म्हशी कोणाच्या चरत होत्या ते वर लिहिले आहे. पण ते खोटेही बोलत नसावेत. चौदाजणांना वाटले मला ठाऊक आहे, मला वाटले त्यांना ठाऊक आहे, आणि मधल्या मधे बाग अडली.

मग मी प्रसेनजीत यांना फोन करून नकाशा घेऊन बोलावले. ते पळतच आले. नकाशा देवघरापुढे पसरला. मी चष्मा लावून बसले.

"नदीच्या अंगाची भिंत कुठाय?"

"भिंत काढून टाकली, आजी. दोन हजार पाचचं पाणी बघितल्यावर भिंत कशाला बांधायची? ती एका पुरात जाणार. आता नुसता गवताचा उतार. झाडं करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज, पाण्यात आठ-आठ दिवस उभी राहणारी. पूर येणारच, तो गेल्यावर धुवून घेता आली पाहिजे अशी बाग."

"आणि ही रेघ?"

"ती पायवाट. सहा फूट, दगडी पायऱ्यांपर्यंत. बायकांना उतरायला. गल्लीतनं सगळ्यांनीच मागितली होती."

"हा नकाशा कधीचा?"

"दोन वर्षं झाली. तुम्हाला दाखवायला आणला होता की."

"मग मी बघितला नाही?"

"तुम्ही म्हणालात, गुंडाळून ठेवा, बघितला तर मोह होईल. आणि चहा दिला."

म्हणजे यजमानांनी घातलेली अट दोन वर्षांपूर्वीच पुरी झाली होती आणि मी तारेला तेल लावत बसले होते. त्यांनी आण घेतली ती जागेसाठी नव्हती. ती पहाटे बादली घेऊन उतरणाऱ्या बायकांसाठी होती, त्यांत मी पहिली. चाळीस वर्षे संसार केला, तोंडावर कधी गोड बोलले नाहीत. जे बोलले ते चौदा माणसांत बोलले आणि मी ओटा पुसत होते.

देवी का बोलली नाही तेही उमगले. तिन्ही वेळा मी तिला चुकीचे विचारले. जी शपथ तशी नव्हतीच ती मोडू का, याला ती कोणते फूल देणार?

त्या दुपारी मी बारा वर्षांत प्रथमच आडवी झाले आणि दिवेलागणीपर्यंत झोपले. विठाबाई दार वाजवून वाजवून घाबरल्या.

सबब कलम चारचा खरा मजकूर असा. मेल्यावर वाट देण्यात काही अर्थ नाही असे ठरवून, मी शुक्रवार दिनांक ११ एप्रिल २००८ रोजी परड्यातील नऊ फूट रुंद व चौऱ्याऐंशी फूट लांब पट्टी बागेसाठी रीतसर बक्षीसपत्राने देऊन टाकली आहे. मोबदला घेतलेला नाही. अट एकच लिहून घेतली आहे की नदीला उतरायची पायवाट कोणत्याही कारणाने, कोणत्याही काळात बंद होणार नाही. तार मी त्याच दिवशी यजमानांच्या पकडीने तोडली. पहिला तोडा मी घातला, पुढचे प्रसेनजीत यांच्या माणसांनी केले, कारण पकड जड आहे. उदयसिंहाला फोन केला तेव्हा तो "चालतंय की" म्हणाला. हिरव्या वहीत तारीख आणि वेळ लिहून ठेवली आहे, तेव्हा त्याने पुढे हरकत घेऊ नये. राहिलेले परडे दोघांचे समान. ते विकले तरी घेणाऱ्याला त्या वाटेवर हक्क सांगता येणार नाही.

बागेत आमच्या नावाची पाटी लावू नये. पाटी लावली तर लोक विचारतील का लावली, आणि मग बारा वर्षांचेही सांगावे लागेल.

कलम ५. यजमानांची हत्यारे लोखंडी पेटीत आहेत, दर दसऱ्याला तेल लावलेली. पेटी उदयसिंहाने न्यावी. त्याला त्यातले काही येत नाही, पण घरात असावी. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून आकाराम भाऊजींना यजमानांची मोजमापाची व्हर्नियर पट्टी हयातीतच देऊन टाकली. पकड प्रसेनजीत कांबळे यांना द्यावी. सरकारी माणसाला भेट चालत नसेल तर बागेच्या माळ्याच्या खोलीत खिळ्याला अडकवावी.

कलम ६. तांब्याचा बंब. १९७१ साली दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा हा बंब माझ्या थोरल्या जाऊबाई धोंडुबाई यांना हवा होता. मी तो भांडून घेतला. त्यानंतर त्या माझ्या घरी येतात, जेवतात, पण सदतीस वर्षांत एकदाही अंघोळ केलेली नाही. बंब त्यांना द्यावा. तोटी गळते ती आधी दुरुस्त करून द्यावी, नाहीतर म्हणतील गळका दिला. हे त्यांना मी सांगणारच होते, पण समोर आल्यावर तोंडातून वेगळेच निघते.

कलम ७. बाळासो यांना परड्यातला दावणीचा दगड द्यावा. म्हशी आता त्यांना गोठ्यात बांधाव्या लागतील, उपयोगी पडेल. माझा त्यांच्यावर राग नाही. करंजाच्या रोपांना तोंड लागले तर होईल.

कलम ८. माझे दहावे घाटावर करावे. कावळा शिवला नाही तर कोणी पुढे होऊन काही बोलू नये, कबूल करू नये, माझी कसली इच्छा राहिली म्हणून आठवत बसू नये. दहा मिनिटे वाट बघावी आणि दर्भाचा कावळा करून शिववावा. मुलांना उन्हात उभे करू नये.

कलम ९. या पत्राप्रमाणे सर्व करण्याचे काम संयोगिताने पाहावे. उदयसिंह मोठा असला तरी त्याला कागद सापडत नाहीत.

हे सर्व मी सहा दिवस दुपारी बसून लिहिले. लिहिताना मागच्या दाराने ट्रॉल्या जात होत्या, गाळ भरून बाहेर आणि लाल माती भरून आत. काल संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस झाल्या. ओट्यावरची भांडी हादरतात, अंगणात धूळ येते, दिवसातून दोनदा झाडावे लागते. झाडते. पाऊस पडायच्या आत सगळी रोपे लागतील असे प्रसेनजीत म्हणतात. मी म्हटले, पंचगंगा काय म्हणते तेही बघा. पूर आला आणि काही रोपे गेली तर परत लावता येतील, आता गाडीला वाट आहे.

लिहिलेले पुन्हा वाचले, खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरे केली आहेत. छातीतली कळ जानेवारीनंतर आलेली नाही. तेव्हा हे पत्र लगेच उपयोगात येईल असे दिसत नाही, मुलांनी घाई करू नये.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १९ मे २००८

लिहून ठेवणार:
(सही) अंबूबाई गणपती अतिग्रे

आमच्यासमक्ष वरील बाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या.

साक्षीदार १:
(सही) विठाबाई आनंदा घाटगे, नदीकडील गल्ली, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

साक्षीदार २:
(सही) आकाराम रामू पाटील, तालुका शाहूवाडी
चारी पाने वाचली. या खेपेस पुरे लिहिले आहे.